‘साळुंखे’चं ‘ळुंखे’ का होतं: कीबोर्डवरची कळ तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत कशी पोचते

एका किराणा दुकानासाठी मी विंडोजवर बिलिंगचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. नवीन बिलासाठी शॉर्टकट ठेवला शिफ्ट-एन. दोन महिने कुणाची तक्रार नाही. मग दुकानदारांनी गिऱ्हाइकांची नावं मराठीत भरायला घेतली आणि फोन आला: “अहो, साळुंखे लिहायला गेलं की बिल कोरं होतंय, आणि नाव होतंय ‘ळुंखे’. कांबळ्यांचं नुसतं ‘ळे’. देशमुखांना मात्र काही होत नाही.”

इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत ळ हा शिफ्ट-एनवर आहे, एवढं लक्षात आलं की अर्धं कोडं सुटतं. इंग्रजीत हा घोळ झाला नाही, कारण दुकानात इंग्रजी टायपिंग कायम कॅप्स लॉकवर, शिफ्टला कुणी हात लावत नव्हतं. पण उरलेलं अर्धं कोडं मला जास्त छळून गेलं. बिल कोरं झालं ते ठीक, पण मग तो ळ कोऱ्या रकान्यात आला कुठून? शॉर्टकट म्हणून मी ती कळ ‘खाल्ली’ होती ना?

त्याचं उत्तर द्यायचं तर कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा सगळा रस्ता चालावा लागतो. (प्रोग्रॅमर मंडळी ‘की’ म्हणतात, पण मराठीत वाक्यागणिक दुसरा ‘की’ येतोच, म्हणून इथे कळ.)

आधी आकड्यांचा गोंधळ

३७ म्हणजे कोणती कळ? लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचाराल तर के. त्याच मशीनवर एक्स विंडो सिस्टिमला (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) विचाराल तर डावी कंट्रोल. विंडोजच्या व्हर्च्युअल कोडांत डावा बाण, मॅकवर एल, यूएसबीच्या यादीत वरच्या ओळीतला ८. आणि आस्कीच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या) तक्त्यात ३७ ही कळच नाही, ते टक्क्याचं चिन्ह.

सगळी उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रत्येक मजल्यावर वेगळी यादी चालते. कीबोर्ड हाताळणारा कोड वाचताना कुठे नुसता आकडा दिसला, तर तो कोणत्या यादीतला हे आधी ठरवा. इंटरनेटवरून उचललेल्या तुकड्यांमधले निम्मे घोटाळे इथेच सापडतात, असा माझा अनुभव. स्वतःच्या कोडात तर नुसते आकडे लिहूच नका, त्या त्या यादीतली नावं वापरा.

पहिली पायरी: कीबोर्ड ते कर्नल

कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत. आतल्या चिपला आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत कुठे जोड झाला तेवढं समजतं. साधा यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला ८ बाइटचं एक पत्र पाठवतो: पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे आठ कळांची स्थिती, दुसरा राखीव आणि पुढच्या सहांत सध्या दाबलेल्या इतर कळा. म्हणजे ‘के दाबली’ असं तो सांगत नाही, ‘आत्ता या या कळा खाली आहेत’ असं सांगतो. मागचं पत्र आणि हे पत्र यांतला फरक काढून ‘दाबली’ आणि ‘सोडली’ या घटना कर्नल बनवतो.

लिनक्स असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. टर्मिनलमध्ये ‘ईव्हीटेस्ट’ हा प्रोग्रॅम सुपरयूझर म्हणून चालवा, यादीतून तुमचा कीबोर्ड निवडा आणि के दाबा. यूएसबी कीबोर्डवर आधी ७०००ई अशी किंमत दिसेल. हा सोळाच्या पायातला आकडा आहे: सुरुवातीचा ७ म्हणजे यूएसबीचं कीबोर्डाचं पान, शेवटचा ई म्हणजे त्या पानावरचा चौदावा क्रमांक, अर्थात के. त्याखालच्या ओळीत कर्नलने दिलेला कोड ३७ आणि किंमत १. कळ सोडलीत की किंमत ०. दाबून धरलीत तर २, २, २ अशी रांग लागते.

हा ३७ कुठून आला? १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर के चा स्कॅनकोड (कीबोर्डने स्वतः पाठवलेला कळेचा क्रमांक) ३७ होता. मुख्य कळांसाठी लिनक्सने तीच यादी ठेवली. विंडोजमध्येही स्कॅनकोड मागितलात तर के ला ३७च मिळतो.

‘अमुक कळ चालत नाही’ असा फोन आला की मी इथूनच सुरुवात करतो. इथे कळ दिसली नाही तर कीबोर्ड उलटा करून झटका, प्रोग्रॅमचा दोष नाही.

दुसरी पायरी: कळ कोणत्या खिडकीची?

कर्नलने दिलेली घटना आधी खिडक्यांचं राज्य चालवणाऱ्याकडे जाते: जुन्या लिनक्स मांडणीत एक्स सर्व्हर, नव्यात वेलँडचा कंपॉझिटर, विंडोजमध्ये विंडोज स्वतः. ज्या खिडकीवर फोकस आहे, म्हणजे जी सध्या वापरात आहे, तिच्या वाट्याला कळ येते. माउसचा बाण कुठे आहे त्याचा याच्याशी सहसा संबंध नसतो.

एक्समध्ये कर्नलच्या कोडात ८ मिळवतात, कारण त्या प्रोटोकॉलमध्ये कळांचे क्रमांक ८ पासून सुरू होतात. म्हणून के ४५ होते, आणि डावी कंट्रोल, जी कर्नलमध्ये २९ होती, ती ३७ वर येऊन बसते. वरच्या गोंधळातला हा एक धागा.

एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम इतरांच्या कळा ऐकू शकतो. पासवर्डसुद्धा. वेलँडने ते दार बंद केलं, त्यामुळे ‘प्रोग्रॅम मागे असतानाही एफ८ दाबलं की रेकॉर्डिंग सुरू’ अशी सोय तिथे थेट करता येत नाही, डेस्कटॉपच्या पोर्टलकडून (परवानगी देणाऱ्या मधल्या सेवेकडून) रीतसर मागावी लागते. विंडोजमध्ये अशा सर्वत्र चालणाऱ्या शॉर्टकटसाठी ‘रजिस्टर-हॉटकी’ आहे. ते काम करण्यासाठी सगळ्या कळा ऐकणारा हुक टाकू नका. अँटिव्हायरस तुमच्यावर संशय घेईल आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी: रांग

कळ आली की तुमचं फंक्शन त्याच क्षणी चालतं असं नाही. ती प्रोग्रॅमच्या रांगेत उभी राहते. प्रोग्रॅम एक निरोप उचलतो, तो निपटतो, मग पुढचा उचलतो. कळेच्या हँडलरमध्ये (कळ आली की चालणाऱ्या त्या फंक्शनमध्ये) तुम्ही डेटाबेसची तीन सेकंदांची चौकशी घातलीत, तर त्या तीन सेकंदांत टाइप केलेली सगळी अक्षरं नंतर एका दमात बदाबदा पडतात. वापरणारा मधल्या काळात वैतागून एंटर चार वेळा दाबतो आणि तीही चारही वेळा पोचते. जड काम दुसऱ्या, समांतर चालणाऱ्या थ्रेडवर टाका. हँडलरने नोंद घ्यावी आणि परत फिरावं.

चौथी पायरी: कळ वेगळी, मजकूर वेगळा

सगळ्या लेखात हाच भाग दोनदा वाचण्यासारखा आहे.

विंडोजच्या रांगेतून आधी ‘डब्ल्यूएम-कीडाऊन’ हा निरोप येतो. त्यात कळ असते, अक्षर नसतं. प्रोग्रॅमच्या मुख्य लूपमध्ये तीन कामं क्रमाने चालतात: गेट-मेसेज निरोप उचलतो, ट्रान्सलेट-मेसेज तो बघतो, डिस्पॅच-मेसेज तो खिडकीकडे पाठवतो. यातलं मधलं काम लोक डोळे मिटून चिकटवतात. ट्रान्सलेट-मेसेज सध्याच्या मांडणीत या कळेतून कोणतं अक्षर निघतं ते पाहतो आणि ‘डब्ल्यूएम-कॅर’ नावाचा दुसरा निरोप रांगेत टाकून ठेवतो. हे होतं पहिला निरोप खिडकीपर्यंत पोचायच्या आधी.

आता साळुंख्यांकडे या. शिफ्ट-एनचा कीडाऊन माझ्या हँडलरकडे आला, मी फॉर्म कोरा केला आणि ‘हाताळलं’ म्हणून शून्य परत केलं. पण ळ तोवर रांगेत उभा राहिलेला होता. पुढच्या फेरीत तो आला, कर्सर नाव भरायच्या रकान्यात होताच, तिथे शांतपणे बसला. मागोमाग उकार, अनुस्वार, ख, एकार. झालं ‘ळुंखे’. कीडाऊन गिळून अक्षर थांबत नाही. थांबवायचं असेल तर ट्रान्सलेट-मेसेजच्या आधी थांबवावं लागतं, आणि ‘ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर’ नेमका त्यासाठीच आहे. माझ्या बाबतीत खरा उपाय याहून सोपा होता: मजकुराच्या रकान्यात नुसतं अक्षर किंवा शिफ्टसह अक्षर हा शॉर्टकट ठेवायचाच नाही. शॉर्टकटसाठी एफ कळा किंवा कंट्रोल.

(एफ कळा घेताना एफ१० जपून. विंडोज तिला मेन्यूची कळ मानतं, म्हणून ती कीडाऊन न होता ‘डब्ल्यूएम-सिसकीडाऊन’ होऊन येते. माझी एक संध्याकाळ तिने खाल्ली आहे.)

एका कळेला एकच अक्षर हा समजही इथेच सोडा. मराठी इनस्क्रिप्टवर शिफ्ट-७ दाबा: क्ष उमटतो. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) क्ष हे एक अक्षर नाही. तो क, हलंत आणि ष असा तिघांचा संच आहे. म्हणजे एका कीडाऊनमागे तीन डब्ल्यूएम-कॅर येतात. ‘कीडाऊन आला, आता एक अक्षर मोजायचं’ असा हिशेब केलेली अक्षरमर्यादा इथे चुकते. उलट बाजूने, नुसती शिफ्ट दाबली तर कीडाऊन येतो आणि अक्षर एकही नाही.

मोडी लिपीने आणखी एक खोच दाखवली. २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये मोडी आली, पण तिचे कोड ६५,५३५ च्या पलीकडचे. विंडोजमध्ये असं एक अक्षर दोन तुकड्यांत, दोन डब्ल्यूएम-कॅर निरोपांतून येतं. पहिला तुकडा आल्याबरोबर तुम्ही तो ‘पूर्ण अक्षर’ म्हणून फाइलीत लिहिलात तर फाइल बिघडली. इमोजीचंही असंच, त्यामुळे मोडीशी देणंघेणं नसलं तरी हे सांभाळावं लागतंच.

लिनक्सवर हाच फरक बघायचा तर टर्मिनलमध्ये एक्स, ई, व्ही ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. छोटी पांढरी खिडकी उघडेल. देवनागरी मांडणी चालू करून तिच्यात के दाबा. कळेचा क्रमांक ४५ तोच राहतो, चिन्ह मात्र यू०९१५ म्हणजे क होतं, आणि खाली ‘३ बाइट’ अशी नोंद येते, कारण यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) क ला तीन बाइट लागतात. इंग्रजीवर परत जाऊन के दाबा: क्रमांक तोच, बाइट एक. वेलँडवर शुद्ध चित्र हवं असेल तर ‘डब्ल्यूईव्ही’ नावाचा जुळा प्रोग्रॅम वापरा. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारा ‘स्पाय प्लस प्लस’ निरोपांची रांग दाखवतो.

आणि लिनक्सच्या मांडणीतून शिफ्ट-७ ला क्ष का निघत नाही? एक्सच्या तक्त्यात कळेच्या एका पातळीवर एकच चिन्ह बसतं, तिघांना जागा नाही. तीन अक्षरं द्यायची तर मध्ये कुणीतरी बसावं लागतं.

पाचवी पायरी: मधला माणूस

तो मधला म्हणजे इनपुट मेथड. लिनक्सवर आयबस किंवा एफसिटेक्स, विंडोजवर आयएमई. उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवणारी साधनं याच जातीची. तुम्ही के, ए टाइप केलंत की अधोरेखित, कच्चा मजकूर दिसतो. पर्याय निवडलात की पक्का मजकूर प्रोग्रॅमच्या हाती पडतो.

कच्चा मजकूर दिसत असेपर्यंत कळा तुमच्या नाहीत. बॅकस्पेस कच्च्यातलं अक्षर खोडतो, बाण पर्यायांत फिरतात, आणि एंटर म्हणजे ‘हा पर्याय घे’. तुमच्या प्रोग्रॅमने तीच एंटर ‘फॉर्म जमा कर’ म्हणून पकडली तर अर्धवट नाव जमा होतं. विंडोजवर आयएमईने घेतलेली कळ २२९ या व्हर्च्युअल कोडाने येते. २२९ दिसला की हात जोडून बाजूला व्हा.

स्वतःचा रकाना रंगवत असाल तर दोन गोष्टी करायच्या. एक, कच्चा आणि पक्का मजकूर वेगवेगळा स्वीकारणं: (क्यूटी आणि जीटीके ही खिडक्या, बटणं, रकाने तयार देणारी टूलकिटं) क्यूटीमध्ये ‘इनपुट-मेथड-इव्हेंट’, जीटीकेमध्ये आयएम-कॉन्टेक्स्टला कळा आधी दाखवून त्याच्या ‘कमिट’ची वाट पाहणं. दोन, कर्सर पडद्यावर कुठे आहे ते इनपुट मेथडला कळवणं, नाहीतर पर्यायांची यादी कुठेतरी कोपऱ्यात उघडते. पण खरं सांगू? स्वतःचा रकाना रंगवायच्या भानगडीत सहसा पडू नका. टूलकिटचा तयार रकाना वापरला की हे सगळं फुकट मिळतं.

शॉर्टकट: जागेचे की अक्षराचे?

खेळांमध्ये डब्ल्यू-ए-एस-डी हव्या असतात त्या बोटांच्या जागेसाठी. फ्रेंच कीबोर्डवर त्या जागी दुसरी अक्षरं आहेत, तिथे स्कॅनकोड पाहणं बरोबर. कंट्रोल-झेडचं उलट. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल आहे, आणि तिथल्या माणसाला ज्या कळेवर झेड छापलंय तीच दाबायची असते.

मराठी मांडणी चालू असताना मात्र ‘अक्षर’ वाला मार्गही फसतो. लिनक्सवर कंट्रोल-एस दाबलं तर एसच्या जागी एकाराची मात्रा आहे, म्हणजे प्रोग्रॅमला दिसतं कंट्रोल आणि मात्रा. सेव्ह होत नाही. उपाय: सध्याच्या मांडणीत लॅटिन अक्षर नसेल तर त्याच कळेचं दुसऱ्या मांडणीतलं अक्षर बघायचं. क्यूटी आणि जीटीके यांच्या शॉर्टकट यंत्रणेत ही सोय आहे. कळेचं चिन्ह हाताने ‘एस’शी जुळवत बसलात तर ती सोय गमावता. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट चालू असली तरी व्हर्च्युअल कोड एसचाच राहतो, म्हणून तिथे हा त्रास नाही. साळुंखे प्रकरण घडलं त्यालाही हेच कारण.

आणि कंट्रोल-ऑल्ट अधिक काही असे शॉर्टकट विंडोजवर टाळा. उजवी ऑल्ट अनेक मांडण्यांत ऑल्ट-जीआर असते, आणि विंडोज तिला कंट्रोल अधिक ऑल्ट असंच दाखवतं. इंग्लिश (इंडिया) मांडणीत ऑल्ट-जीआर आणि ४ मिळून ₹ निघतो. तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-४ वर ‘चौथा रिपोर्ट’ ठेवलात की तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये रुपयाच टाइप होणार नाही.

दाबून धरलेली आणि अडकलेली कळ

त्याच दुकानात बिल छापायला एफ९ होती. एकदा काउंटरवरच्या मुलाने ती जरा रेंगाळून दाबली आणि प्रिंटरमधून एकाच गिऱ्हाइकाची सात बिलं निघाली. दाबून धरलेली कळ पुन्हापुन्हा कीडाऊन पाठवते. विंडोजमध्ये निरोपासोबतच्या आकड्यातला ३० क्रमांकाचा बिट सांगतो, ही कळ आधीपासून खालीच होती का. क्यूटीमध्ये ‘इज-ऑटो-रिपीट’ विचारता येतं. एक्समध्ये प्रत्येक पुनरावृत्ती ‘सोडली-दाबली’ अशा जोडीने येते, म्हणून ‘सोडली’ दिसलं की लगेच विश्वास ठेवू नका. वेलँडमध्ये पुनरावृत्ती कंपॉझिटरने सांगितलेल्या वेगाने प्रोग्रॅमलाच करावी लागते, टूलकिट ते बघतं. बाण आणि बॅकस्पेस यांना पुनरावृत्ती हवी. छापणं, जमा करणं, खोडणं यांना नको.

दुसरा प्रकार अडकलेल्या कळेचा. वापरणारा ऑल्ट-टॅब करून निघून गेला: ऑल्ट दाबल्याचं तुम्हाला कळलं, सोडल्याचं दुसऱ्याच खिडकीला. तुम्ही दाबलेल्या कळांची यादी ठेवत असाल तर त्यात ऑल्ट कायमची राहिली. फोकस जाताच ती यादी कोरी करा.

बॅकस्पेसने किती खोडायचं?

‘क्षि’ मध्ये चार युनिकोड अक्षरं आहेत, वाचणाऱ्याला एक दिसतं. बहुतेक चांगल्या संपादकांत बाण पूर्ण अक्षरगटावरून उडी मारतो, डिलीट पूर्ण गट खोडते, आणि बॅकस्पेस फक्त शेवटी टाइप केलेलं काढतो, इथे ऱ्हस्व इकार. टाइप करणाऱ्याला हे सोयीचं आहे: वेलांटी चुकली म्हणून अख्खा क्ष पुन्हा लिहायचा कशाला? स्वतः लिहीत असाल तर गटांच्या सीमा युनिकोडच्या नियमांनी काढा, ‘हलंत आला की पुढचं जोड’ असे घरगुती नियम लावू नका. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ऱ त्यांना चकवू शकतो.

सोडून देण्याआधीची तपासणी

आता प्रोग्रॅम दुकानात देण्याआधी मी मराठी इनस्क्रिप्ट लावून नावाच्या रकान्यात ‘साळुंखे’, ‘क्षीरसागर’ आणि ‘कुऱ्हाडे’ टाइप करतो, तिन्हींवरून बॅकस्पेस मारत मागे येतो. मग उच्चाराधारित साधन चालू करून कच्च्या मजकुरावर एंटर दाबतो आणि फॉर्म जमा होत नाही ना बघतो. मराठी चालू ठेवूनच कंट्रोल-एस, कंट्रोल-झेड. ₹ उमटतो का. एफ९ वर बोट ठेवून पाचपर्यंत मोजायचं, कागद एकच निघाला पाहिजे. ऑल्ट-टॅबने बाहेर जाऊन परत येऊन एक साधं अक्षर दाबायचं, मेन्यू उघडता कामा नये. दहा मिनिटं लागतात.

यातून काही बिघडलं तर रस्ता खालून वर तपासायचा: ईव्हीटेस्टमध्ये कळ दिसते का, एक्सईव्हीत बरोबर अक्षर होतं का, आणि मग शेवटी स्वतःचा कोड. त्या दुकानात ‘नवीन बिल’ आता एफ२ वर आहे. ‘ळुंखे’ नावाची अकरा गिऱ्हाइकं मला यादीतून हाताने दुरुस्त करावी लागली, ती वेगळीच.